शून्याचं तेल

उरकुडे फोरमननी पाच लिटरचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, खिशातून पेचकस काढून शेजारी ठेवला आणि म्हणाले, “फोडा मॅडम. माह्यासमोर फोडा.”

डबा कोरा होता. झाकणाचं सील जसंच्या तसं. सोबत त्यांच्या गोडाउनच्या कारकुनाची चिठ्ठी होती, की हा डबा आज साठ्यातून काढला आणि दोघांच्या देखत दिला.

“यात काय तपासायचं?” मी विचारलं.

“तेच. मंगळवारी नेलं होतं, त्यात जे तपासलं ते.”

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता, शनिवारची दुपार. चंद्रपूरजवळ पडोलीला टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची लॅब होती. मालक बोम्मावार सर, रिफायनरीत वीस वर्षं काढून गावी परतलेले. कामाला मी एकटी, वैजयंती पिंपळशेंडे, एम.एस्सी., वय चोवीस, नोकरीला दहा महिने. खाणीतले डंपर, ट्रक, बोअरवेलच्या गाड्या, यांच्या इंजिनाचं तेल आमच्याकडे तपासायला यायचं. आमचं मशीन तेलाचा थेंब दोन कांड्यांच्या मध्ये ठिणगीने जाळायचं आणि त्या उजेडावरून कोणता धातू किती आहे ते सांगायचं. लोखंड जास्त निघालं तर इंजिन झिजतंय. जस्त कमी निघालं तर तेलच हलकं, कारण चांगल्या तेलात कंपनी जस्त, कॅल्शियम असं काय काय मुद्दाम घालते. आम्ही त्याला ॲडिटिव्ह म्हणायचो. मेकॅनिक लोक ‘औषध’ म्हणायचे. मला त्यांचाच शब्द आवडायचा.

उरकुडे एका खासगी ठेकेदाराच्या बावीस डंपरांचे फोरमन होते. पन्नाशीचे, उंच, हाताच्या रेघांत काळं तेल कायमचं बसलेलं. त्यांच्या साठ्यातल्या नव्या तेलात जस्त दहा लाख भागांत बाराशे असायला हवं होतं. आमच्या गुरुवारच्या रिपोर्टात ते साडेआठशे होतं. ठेकेदाराच्या मॅनेजरने, भाटियासाहेबांनी, सरळ हिशेब केला की फोरमन चांगलं तेल बाहेर काढतो आणि हलकं मिसळून ठेवतो. शुक्रवारी उरकुड्यांना घरी बसवलं. सोमवारी अकराला चौकशी.

मी सील फोडलं. तेल घेतलं, ठिणगी पाडली. कागद कुरकुरत बाहेर आला.

जस्त आठशे अठ्ठेचाळीस.

उरकुड्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. “म्हणजे सील न तोडता बी मीच चोरलं म्हणायचं जी.”

आतल्या खोलीतून बोम्मावार सर आले. हिवाळाभर त्यांच्या गळ्यात एक तपकिरी मफलर असायचा आणि अडचण आली की ते त्याचं टोक चष्म्यावर फिरवायचे. आता ते दोन्ही काचा पुसत होते.

“कंपनीच बनावट माल भरत असेल,” ते म्हणाले.

“किंवा आपलं शून्य चुकत असेल, सर.”

हे मी म्हटलं खरं. पण ते मला का सुचलं, हे त्या दिवशी मी कोणालाच सांगितलं नाही.

“शून्य म्हणजे?” उरकुड्यांनी विचारलं.

मी त्यांना कपाटातली बाटली दाखवली. मशीनला रोज सकाळी सांगावं लागतं, की बाबा रे, याला काहीच नाही म्हणतात, इथून पुढे मोज. त्यासाठी ज्यात कसलंच औषध नाही असं तेल लागतं. ते परदेशातून यायचं, मुंबईच्या एजंटमार्फत, मागवल्यापासून दोन महिन्यांनी. त्या तेलातच थोडं जस्त असेल, तर मशीन तेवढ्या जस्ताला शून्य समजतं आणि पुढच्या प्रत्येक तेलातून तेवढं कापून सांगतं.

उरकुडे लगेच समजले. “तराजूच्या पारड्याले खाली गूळ चिकटला असंल तर.”

“तसंच.”

“मग दुसरं शून्य आणा.”

“दोन महिने लागतील.”

“माह्याकडे सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे,” ते म्हणाले. “बिनऔषधाचं तेल पायजे ना? उद्या रविवार आहे. मी गाडी घेऊन येतो. तुम्ही फक्त ओळखायचं काम करा.”

सरांनी मान डोलावली. “सापडायचं नाही,” ते मला हळूच म्हणाले, “पण जा तू.”

रविवारी सकाळी नऊला आम्ही निघालो. उरकुड्यांची जुनी राजदूत मोटारसायकल, मागे मी, मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पिशवी. पहिलं दुकान इंजिन ऑइलच्या मोठ्या व्यापाऱ्याचं.

“बिनऔषधाचं तेल?” तो दुखावलाच. “मॅडम, आपल्याकडे सगळा एक नंबर माल आहे.”

“एक नंबर नको हो, शून्य नंबर पाहिजे.”

“तसला माल मी ठेवत नाही,” तो म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

पुढच्या तीन दुकानांत हेच झालं. ज्यात काही घातलेलं नाही असं तेल मागणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एकाने मला शुद्ध जवसाचं तेल दाखवलं. मोटार रिवाइंडिंगवाल्याने ट्रान्सफॉर्मरचं तेल पावशेर दिलं. शिलाई मशीनवाल्याने एक छोटी कुपी दिली. उरकुडे तर एका न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि डोक्याला लावायच्या चमेलीच्या तेलाची बाटली घेऊन बाहेर आले.

“हे कशाला, काका?”

“पाहून घेऊ. यात कोण जस्त घालते?”

बारा वाजता आम्ही लॅबमध्ये परतलो. सरही आले होते. ट्रान्सफॉर्मरचं तेल इतकं पातळ, की ठिणगी भलतीकडेच उडायची आणि आकडा दर वेळी निराळा. शिलाई मशीनच्या तेलात फॉस्फरस निघाला, म्हणजे त्यातही औषध. चमेलीच्या तेलाने मशीनचं काही बिघडलं नाही, पण दोन्ही खोल्यांत असा वास पसरला, की खालच्या टायरवाल्याने वर येऊन विचारलं, “लगीन आहे का कोणाचं?”

आम्ही तिघंही हसलो. आदल्या दिवसापासून उरकुडे पहिल्यांदाच हसले होते.

हसता हसता मी ती बाटली हातात फिरवत होते. मागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात आत काय काय आहे ते लिहिलं होतं. पहिलंच नाव होतं लिक्विड पॅराफिन. मग रंग, मग सुवास.

मी उठून उभीच राहिले. “सर! लिक्विड पॅराफिन!”

सरांचा मफलर चष्म्यावर थांबला. “खनिज तेलच ते,” ते सावकाश म्हणाले. “धुऊन धुऊन इतकं साफ केलेलं, की माणसाला पिता यावं. त्यात औषध घालून कसं चालेल? ते स्वतःच औषध. आपल्याला जाड प्रतीचं लागेल मात्र.”

आम्ही मेडिकल दुकानाकडे पळालो. रविवारी एकच उघडं होतं.

“पोट साफ व्हायचं ना?” दुकानदाराने पांढरी बाटली काढली. “हे घ्या. मॅग्नेशिया घातलेलं आहे.”

“मॅग्नेशिया नको. नुसतं तेल.”

“नुसतं आता कोण घेतं, ताई? दोन वर्षं झाली, ठेवतच नाही.”

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. उरकुडे गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मला विचारलं, “दिसते कसं ते?”

“पाण्यासारखं. रंग नाही, वास नाही. पण जाडसर.”

“अन् पोट साफ कराले देतात?”

“हो.”

त्यांनी राजदूतला किक मारली. “बसा. आमच्या बैलाचं पोट बांधलं होतं, तवा गोहोकर डॉक्टरनं नळी घालून हेच पाजलं होतं. बाटली नाही जी, कॅन असते त्यांच्याकडे!”

भद्रावती तिथून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. डॉक्टर गोहोकर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. ते अंगणात उन्हाला बसून हरभरे सोलत होते. आम्ही दोघं धुळीने माखलेलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि सुपातला हात थांबला.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“शेण टाकून.”

“जनावर नाही डॉक्टरसाहेब, मशीन आहे,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी उरकुड्यांकडे पाहिलं. उरकुडे अगदी गंभीरपणे म्हणाले, “मशीनच आहे जी. गुरुवारपासून खोटं बोलते.”

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर मध्येमध्ये प्रश्न विचारत होते आणि प्रश्न चांगले होते. शेवटी ते आत गेले, खाकी खोक्यातला पाच लिटरचा कॅन घेऊन आले. सील शाबूत. चिठ्ठीवर जाड प्रत, औषधी दर्जा, दुसरं काही मिसळलेलं नाही, असं स्पष्ट छापलेलं.

“आणखी एक घे,” ते म्हणाले आणि अर्ध्या भरलेल्या काचेच्या बाटलीतून थोडं वेगळं ओतून दिलं. “ही निराळ्या कंपनीची. एकाच साक्षीदारावर भरवसा ठेवू नये. माझ्या बैलांना चाललं म्हणून तुझ्या मशीनला चालेलच असं नाही.”

हरभऱ्याच्या सोल्यांची पुडी त्यांनी वर बांधून दिली. चार वाजता आम्ही पडोलीला होतो.

आधी मी काहीच न जाळता, नुसत्या कोरड्या कांड्यांची ठिणगी पाडली आणि जस्ताच्या जागी किती उजेड दिसतो ते लिहून घेतलं. मग कॅनमधलं तेल. मग बाटलीतलं. तिन्ही वेळा जवळजवळ तितकाच उजेड, म्हणजे नसल्यात जमा. सर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. मी मशीनला बैलाच्या औषधावर नवं शून्य शिकवलं आणि उरकुड्यांच्या डब्यातलं तेल लावलं.

जस्त बाराशे सहा.

उरकुड्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“आता आपली बाटली लाव,” सर म्हणाले.

मी आमचं परदेशी शून्याचं तेल लावलं. ज्यात काहीच नसायला हवं, त्यात जस्त तीनशे साठ निघालं.

सरांनी खुर्चीत बसकण मारली. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे एजंटने खराब बाटली पाठवली! वैजयंती, पत्र लिही. एजंटच्या नावाने. त्याची एक प्रत भाटियांना. आपल्यावर काही येत नाही.”

वाट मोकळी होती. मुंबईचा एजंट मी कधी पाहिलाही नव्हता.

“सर, बाटली चांगली होती,” मी म्हटलं.

“कशावरून?”

“सोमवारपर्यंत आकडे बरोबर येत होते. सोमवारी ती तळाला गेली होती. कपाटात तसलीच दुसरी बाटली होती. चिठ्ठी तेलाने भिजून पुसली गेली होती. रंग तसाच, जाडी तशीच. मला वाटलं जुन्यातलं शून्याचंच असेल. मी ते हिच्यात ओतलं.” माझा आवाज बारीक होत गेला. “वाटलं, म्हणजे... खात्री नव्हती. नवी बाटली आधीच मागवायला हवी होती, ते मी विसरले होते. तुम्ही रागावाल म्हणून विचारलं नाही.”

खोलीत चमेलीचा वास अजून रेंगाळत होता. खाली कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

“कालपासून माहीत होतं तुम्हाले?” उरकुड्यांनी विचारलं.

“काल शंका होती. आज तीनशे साठ पाहिल्यावर कळलं.”

बायकोला काय सांगितलं असेल त्यांनी शुक्रवारी घरी गेल्यावर, असं माझ्या मनात आलं आणि मी मान खाली घातली.

“दिवसभर माह्या मागं बसून फिरल्या,” ते म्हणाले, “अन् पोटात हे घेऊन. बैलापेक्षा तुमचंच पोट बांधलं होतं की!”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही. उरकुड्यांनी हरभऱ्याची पुडी माझ्यापुढे सरकवली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्राचा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाले, “मग जसं झालं तसं लिही. एजंटचं नाव काढून टाक.”

सोमवारी अकराला आम्ही तिघं ठेकेदाराच्या ऑफिसात होतो. भाटियासाहेबांनी माझं पत्र दोनदा वाचलं. सोबत तीन कागद होते, जुनं शून्य, नवं शून्य आणि डब्यातलं तेल. साहेब सरांना म्हणाले, “बोम्मावारजी, एका चुकीपायी मी बत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला घरी बसवलं.”

“होय,” सर म्हणाले. त्यांनी एकही सबब सांगितली नाही. मफलरला हातही लावला नाही.

साहेब उरकुड्यांकडे वळले. त्यांचा हात हातात घेऊन त्यांनी माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारकुनांच्या देखत. मग विचारलं, “तुम्हीच सांगा आता. या लॅबचं काय करू? नागपूरला दुसरी लॅब आहे.”

त्यांचं काम गेलं असतं तर आमचे निम्म्याहून जास्त नमुने गेले असते.

उरकुड्यांनी डोकं खाजवलं. “साहेब, नागपूरवाल्यांच्या हातून बी चूक होईलच कधीतरी. पण ते येऊन सांगतील का, हे मले माहीत नाही. यांचं माहीत आहे.”

साहेबांनी पत्राची घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवली. काम आमच्याकडेच राहिलं.

पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं, की दोन दोन पायऱ्या एकदम उतरत होते. खाली गाडीजवळ उरकुडे थांबले.

“एक विचारू का जी? मंगळवारपासून शनिवारपर्यंत अजून किती जणांचे रिपोर्ट गेले?”

मी जागच्या जागी थांबले. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

“सोळा,” मी म्हटलं.

“मी डबा घेऊन आलो म्हणून कळलं,” उरकुडे म्हणाले. “बाकीच्यांत कोणी ड्रायव्हर असंल, कोणी गोडाउनवाला असंल. त्यांना डबा आणायचं सुचलं नसंल.”

नमुने आम्ही महिनाभर जपून ठेवायचो. लॅबमध्ये परतून मी सोळाही बाटल्या रांगेने मांडल्या आणि एकेक पुन्हा जाळली. दुपारचे दोन वाजले, अडीच वाजले. सर स्वतः टायपरायटरवर बसले होते. एका बोटाने, पण न थांबता. प्रत्येक रिपोर्टावर वर त्यांनी लाल अक्षरात ‘दुरुस्त’ लिहिलं आणि खाली दोन ओळी, की आधीचा आकडा आमच्या चुकीमुळे कमी आला होता, तुमचं तेल चांगलं आहे.

सही नेहमी त्यांची असायची. दहा महिन्यांत माझं नाव एकाही रिपोर्टावर नव्हतं. त्यांनी सगळा गठ्ठा उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

“सही तू कर.”

चूक माझी, म्हणून नावही माझंच लागणार, असं मी समजले. शिक्षा ठीकच होती. मी पहिल्या कागदावर सही केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्याच्या वेळी सरांनी आपलं पेन पुढे केलं, चांगलं, जाड निबाचं, ते दुसऱ्या कोणाला देत नसत ते. मी मान वर केली. ते मफलर सारखा करत खिडकीबाहेर पाहत होते.

“सर, ही शिक्षा ना?”

“वेडी आहेस का तू?” ते बाहेर बघतच म्हणाले. “आता तुझ्या हातून चुकीचा आकडा बाहेर जायचा नाही. माझी सही मग कशाला हवी?”

उरलेल्या चौदा सह्या मी सावकाश केल्या, पूर्ण नावाने, आडनावासकट. नंतर कितीतरी वर्षांत हजारो रिपोर्टांवर माझी सही गेली असेल, पण इतकी ठसठशीत कधी आली नाही.

खाली रस्त्यावर राजदूतचा हॉर्न वाजला. उरकुडे सकाळच्याच इस्त्रीच्या सदऱ्यात गाडीवर बसून होते. कामावर परत घेतल्याचा पहिला दिवस आणि त्यांनी साहेबांकडून हे रिपोर्ट पोचवायला अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती.

“घुग्गुस आधी की बल्लारपूर?” त्यांनी खालून ओरडून विचारलं.

“घुग्गुस!” सरांनी खिडकीतून उत्तर दिलं. “बल्लारपूरचे माझ्याकडे. मी स्कूटर काढतो.”

मी गठ्ठ्याचे दोन भाग केले, एक सरांच्या हातात दिला, दुसरा पिशवीत घातला आणि जिना उतरून गाडीवर जाऊन बसले.